गाडीत वायरलेस सेट: वॅट नंतर बघा, अँटेनाची जागा आधी ठरवा

कन्नडहून औट्रम घाट उतरताना, अंतूर किल्ल्याकडच्या कच्च्या वाटेवर किंवा किनवट-माहूरच्या जंगलात मोबाईलच्या रेघा कधी गायब होतात ते कळतही नाही. एकटी गाडी असेल तर फारसं बिघडत नाही. पण तीन-चार गाड्या सोबत निघाल्या, मधल्या एखाद्या वळणावर काळ्या मातीत चाक रुतलं आणि पुढचे दोघं आपल्याच तंद्रीत टेकडीपलीकडे निघून गेले, की मग हॉर्न आणि हेडलाइटवर काम भागवावं लागतं. अशा वेळी गाडीत सेट हवा होता असं प्रत्येकाला वाटतं. घरी परतल्यावर पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो: "किती वॅटचा घेऊ?"

हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी कायद्यानं काय चालतं ते बघायचं, मग गाडीवर अँटेना कुठं उभी राहील, मग करंट कुठून घ्यायचा. एवढं ठरलं की सेट जवळजवळ आपोआप ठरतो. उलट्या क्रमानं गेलेले लोक भारी सेट घेऊन त्याची अँटेना डॅशबोर्डवर चिकटवताना दिसतात.

आधी परवान्याचं बघा

आपल्याकडे रेडिओ सेट वापरणंच काय, परवान्याशिवाय नुसता बाळगणंसुद्धा १९३३ च्या बिनतारी कायद्यानं गुन्हा ठरवलं होतं. त्या कायद्याची आणि १८८५ च्या तार कायद्याची जागा घ्यायला २०२३ चा दूरसंचार कायदा आला, पण मूळ तत्त्व तेच आहे: लहरी सरकारच्या, वापर परवानगीनं. सर्वसामान्य माणसाला त्यातून चार वाटा आहेत.

सगळ्यांत सोपी वाट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झची. या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या वॉकीटॉकीला परवाना लागत नाही. फक्त त्या मॉडेलला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची ईटीए, म्हणजे उपकरण मंजुरी, असली पाहिजे. खोक्यावर किंवा माहितीत फ्रिक्वेन्सी आणि ईटीएचा उल्लेख नसेल तर तो सेट घेऊ नका. ऑनलाइन दुकानांत वाट्टेल त्या फ्रिक्वेन्सीचे सेट खेळण्यांसारखे विकले जात होते. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा दुकानांना नोटिसा काढल्या आणि विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना आणल्या, त्या याचमुळे. तेव्हा "ऑनलाइन मिळतोय म्हणजे चालत असणार" हा तर्क धरू नका.

दुसरी वाट २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडची, म्हणजे सीबीची. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झमध्ये ५ वॅटपर्यंत २००५ पासून परवान्याची गरज नाही. इथं एक मेख आहे. परदेशातून कुणी आणलेला चाळीस चॅनेलचा सीबी सेट असेल तर त्याची पहिली सत्तावीस चॅनेलच आपल्या हद्दीत बसतात. अठ्ठाविसावं चॅनेल २७.२८५ वर आहे, म्हणजे आपल्या हद्दीच्या दोन किलोहर्ट्झ पलीकडे. सीबीचे मंजूर सेट आपल्या बाजारात सहज दिसत नाहीत आणि अँटेना लांबलचक लागते. त्यामुळे सीबीचं नाव फार ऐकायला येतं, पण नवख्याला मी हा रस्ता सांगत नाही.

तिसरी वाट हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही हौशी रेडिओ चालकाची परीक्षा देता येते. अर्ज दूरसंचार खात्याच्या सरल संचार पोर्टलवरून होतो. पेपरात थोडी विजेची आणि रेडिओची तोंडओळख आणि थोडे नियम. अकरावी-बारावीचं फिजिक्स आठवत असेल तर खालच्या श्रेणीची परीक्षा महिन्याभराच्या अभ्यासात निघते, आणि त्या श्रेणीला मोर्सकोडही लागत नाही. परवाना मिळाला की व्हीयू३ किंवा व्हीयू२ ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं आपलं ओळखनाव, मिळतो आणि व्हीएचएफमध्ये १४४ ते १४६, यूएचएफमध्ये ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ मोकळे होतात. गाडीत पक्का बसवायचा सेट, बाहेरची चांगली अँटेना, जास्त ताकद, हे सगळं रीतसर इथंच जमतं. अट अशी की बोलणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना हवा. चार गाड्या असतील तर चार परवानेधारक. आणि धंद्याचं बोलणं हॅमवर अजिबात नाही: टूरच्या गाड्या, ऊसतोडीच्या टोळ्या, बांधकामाचे टिप्पर यांच्या सूचना इथं चालत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅमवाले सेट घेऊन लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात उतरले होते. सरकार या छंदाला जागा देतं ती अशा दिवसांसाठी.

चौथी वाट म्हणजे संस्थेच्या नावावर स्वतंत्र फ्रिक्वेन्सी घेणं. त्यात दरवर्षीचं शुल्क आणि कागदपत्रं आली. दहा-वीस गाड्यांचा नियमित व्यवसाय असेल तर ठीक, हौसेसाठी नाही.

माझं मत विचाराल तर वर्षातून दोन-तीनदा गौताळ्याला किंवा सौताड्याचा धबधबा बघायला जाणाऱ्या मंडळींनी ४४६ चे सेट घ्यावेत आणि विषय संपवावा. ज्याला खरोखर आडरानात हिंडायचं आहे त्यानं हॅमची परीक्षा द्यावी. मधली पळवाट म्हणून मिळणारे "सगळ्या बँडचे" स्वस्त चिनी सेट विनापरवाना गाडीत ठेवू नका. त्यांच्यात पोलीस, वनखातं, रेल्वे यांच्या लहरींवर चुकून बटण दाबलं जाऊ शकतं, आणि नाक्यावर तपासणीत तो सेट सापडला तर "मी फक्त ऐकत होतो" हे उत्तर पुरत नाही. पोलिसांचं ऐकणं हाही गुन्हाच.

किती लांब ऐकू जाईल

खोक्यावर दहा, वीस, तीस किलोमीटर असं काहीही छापलेलं असतं. ते डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर बोलल्याचं अंतर समजा. व्हीएचएफ आणि यूएचएफच्या (४४६ही त्यातच) लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि क्षितिजाशी जाऊन थांबतात. हिशेब सोपा आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१२ ने गुणा. दोन्ही गाड्यांचे आकडे मिळवले की किलोमीटर आले. दोन गाड्यांच्या टपावर जमिनीपासून दोन-दोन मीटरवर अँटेना असेल तर उत्तर साधारण साडेअकरा किलोमीटर येतं. तेही पैठण-गंगापूरकडच्या सपाट रानात. मध्ये उभा ऊस, बाभळीची झाडं, वस्ती, नाल्याचा खोलगट भाग आला की त्यातलं निम्मंही उरत नाही. उलट एक गाडी आसपासच्या रानापेक्षा तीनशे मीटर उंच टेकडीवर असेल तर एकट्या तिचं क्षितिज सत्तर किलोमीटरवर जातं. बालाघाटाच्या डोंगररांगेत हे रोज अनुभवायला मिळतं: पाटोद्याच्या बाजूला पठारावर असेपर्यंत सगळे स्पष्ट ऐकू येतात, आणि एक गाडी घळीत उतरली की ती दीड किलोमीटरवर असूनही गप्प.

म्हणूनच ५ वॅटऐवजी ५० वॅट घेतल्यानं अंतर दहापट होत नाही. घळीतल्या गाडीला दहापट ताकद फारशी उपयोगी पडत नाही. तिच्या अँटेनाला मिळालेली एक मीटर उंची आणि उघडं आकाश जास्त देतं. शिवाय मोठा सेट फक्त बोलतो मोठ्यानं, ऐकतो तेवढंच. समोरचा ५ वॅटवर असेल तर तो तुम्हाला ऐकेल आणि तुम्ही त्याला ऐकणार नाही, अशी एकतर्फी गंमत होते.

४४६ घेतला असेल तर

या सेटची ताकद साधारण अर्धा वॅट आणि अँटेना सेटलाच पक्की. ती काढून टपावर दुसरी लावणं नियमात बसत नाही, त्यामुळे गाडीवर बसवण्यासारखं फार काही नाही. पण गाडीचा पत्रा म्हणजे लहरींना भिंतच. सेट गिअरजवळच्या खाचेत टाकून बोललात तर सिग्नल बाहेरच जाणार नाही. डाव्या खिडकीच्या काचेच्या वरच्या कडेला मोबाईल धरायच्या क्लॅम्पमध्ये सेट उभा अडकवा, अँटेना सरळ आकाशाकडे, आणि त्याला वायरचा स्पीकर-माइक लावून तो हातात घ्या. सेट काचेशी राहतो, बोलणं तोंडाशी. काचेवर धातूचा अंश असलेली सनफिल्म असेल तर ती इथं नडते. बोलणं तुटायला लागलं की गाडी थांबवा, खाली उतरा आणि सेट डोक्याच्या उंचीवर धरून बोला. अर्धा वॅट उघड्यावर किती लांब जातो ते पाहून आश्चर्य वाटेल.

दोन गोष्टी सेटिंगच्या. सगळ्या गाड्यांचं चॅनेल आणि टोन (सीटीसीएसएस, म्हणजे बोलण्यासोबत जाणारा, आपल्याला ऐकू न येणारा खुणेचा सूर) एकच ठेवा. टोन जुळला नाही तर चॅनेल बरोबर असूनही आवाज येत नाही, आणि निघतानाच्या अर्ध्या तक्रारी याच असतात. टोन लावला म्हणजे आपलं बोलणं खाजगी झालं असं मात्र नाही. टोन न लावलेला कुणीही ते ऐकू शकतो. आवाजावर आपोआप चालू होणारी व्हॉक्सची सोय गाडीत बंदच ठेवा, नाहीतर डिझेल इंजिनाची घरघरच सगळ्यांना ऐकू जाईल.

इथून पुढचं बसवाबसवीचं सगळं मुख्यतः परवाना असलेल्यांसाठी; शेवटचं बोलण्याचं मात्र सगळ्यांसाठी.

अँटेना

पैसा इथं घाला, वेळही इथंच घाला.

गाडीवरची साधी अँटेना लहरीच्या लांबीच्या पाव भागाएवढी असते: १४५ मेगाहर्ट्झला सुमारे ४९ सेंटिमीटर, ४३६ ला सुमारे १६. हा पाव भाग म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी तिच्याखालचा पत्रा पुरवतो. म्हणून सगळ्यांत उत्तम जागा पत्र्याच्या टपाचा मध्य: चारी बाजूंना सारखा पत्रा, सगळ्यांत जास्त उंची. बोलेरो, स्कॉर्पिओ, जिम्नी यांसारख्या पत्र्याच्या टपाच्या गाड्यांना ही जागा मिळते. कापडी हुडाच्या किंवा फायबर टपाच्या थारला, जुन्या जिप्सीला ती मिळत नाही. कापडावर किंवा फायबरवर पाव भागाची अँटेना उभी केली तर तिच्याखाली काहीच नसतं. सेट गरम होतो आणि पलीकडे खरखर जाते.

अशा गाड्यांना दोन उपाय. एक, बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यावर, काचेच्या बुडाशी कंस लावून अँटेना उभी करायची. दुसरा, अर्ध्या लहरीची अँटेना घ्यायची, जी खालच्या पत्र्यावर अवलंबून नसते; ती १४५ ला जवळपास एक मीटर उंच होते. बॉनेटच्या कोपऱ्यावरच्या अँटेनाचा सिग्नल सगळीकडे सारखा जात नाही. ज्या बाजूला गाडीचा पत्रा जास्त पसरलेला, तिकडे थोडा जास्त झुकतो. काफिल्यात हे जाणवण्याइतकं नसतं. मागच्या दारावर स्टेपनीच्या कंसाला लावलेली अँटेना दिसायला झकास, पण टपाच्या खाली राहिली तर समोरच्या दिशेला गाडीच आडवी येते. लावायचीच असेल तर तिचा वरचा निम्मा भाग तरी टपाच्या वर निघेल असा कंस करून घ्या.

आता बसवायच्या पद्धती. मॅग्नेटची अँटेना नवख्यासाठी चांगली: भोक पाडायचं नाही, नको तेव्हा काढून ठेवायची. पण आपल्याकडची धूळ लक्षात घ्या. उन्हाळ्यात टपावर बसलेली बारीक माती मॅग्नेटखाली सापडली की दिवसभराच्या हादऱ्यांनी रंगावर गोल चरे पडतात. लावण्याआधी टप आणि मॅग्नेटचं बूड दोन्ही ओल्या फडक्यानं पुसा, आणि आठवड्यातून एकदा उचलून पुन्हा पुसा. बाभळीच्या फांद्यांखालून जायच्या आधी ती उतरवून घ्या. फांदी आधी अँटेना पाडते आणि मग लोंबणाऱ्या केबलीसकट ओढून नेते. ॲल्युमिनियमवर आणि फायबरवर मॅग्नेट चिकटत नाही हे खरेदीआधी आठवा.

टपाला भोक पाडून बसवलेली अँटेना सगळ्यांत पक्की. सर्वाधिक वापरात असलेल्या एनएमओ बैठकीला १९ मिलिमीटरचं भोक लागतं. ते साध्या ड्रिलनं वाढवत नेऊ नका, होल-सॉ वापरा, आणि आधी आतलं टपाचं कापड उतरवून खाली आडवी पट्टी किंवा वायर नाही ना ते बघा. भोकाच्या कडेला लगेच प्रायमर लावा. नव्या गाडीला भोक पाडायला मन धजावत नाही, ते मी समजू शकतो.

मधला मार्ग कंसाचा, आणि नवख्यांच्या सेटमध्ये बिघाड सापडतो तो बहुतेक इथंच. कंस रंगावर बसतो, रंग विजेला अडवतो, आणि अँटेनाला पत्रा मिळतच नाही. कंसाखाली जिथं स्क्रू टेकतो तेवढी नखाएवढी जागा खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, कंस कसा, मग त्यावर ग्रीस किंवा रंगाचा हात फिरवा म्हणजे गंज धरणार नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा: एक टोक कंसाला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. बीप आला पाहिजे. बॉनेटवर कंस असेल तर आणखी एक अडचण: बॉनेट बिजागरीवर असतं आणि बिजागरीत ग्रीस-रंग असतो. बॉनेट आणि बॉडी यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची एक छोटी पट्टी जोडून द्या.

उंचीचा मोह आवरा. शेतवाटांवर विजेच्या तारा खांबाखांबांमध्ये लोंबत असतात, कुठं कुठं तर ट्रॅक्टरच्या धुराड्याला लागतील इतक्या. गाडी आणि अँटेना मिळून अडीच मीटरच्या वर गेली की अशा वाटेवर शिरण्याआधी ती आडवी करायची सवय लावा. सीबीवाल्यांना हे जास्त लागू: २७ मेगाहर्ट्झचा पाव भाग पावणेतीन मीटर होतो, म्हणून बाजारात कॉइल टाकून मीटर-दीड मीटरवर आणलेल्या अँटेना मिळतात.

अँटेनाकडून सेटकडे येणारी केबल ५० ओहमची हवी. टीव्हीची डिश केबल ७५ ओहमची असते, ती चालत नाही. आरजी-५८ जातीची केबल व्हीएचएफवर पाच मीटरला साधारण एक डेसिबल, म्हणजे ताकदीचा पाचवा हिस्सा, खाते, यूएचएफवर दोनच्या आसपास. विहिरीवरची मोटार कितीही मोठी बसवा, पाईप गळका असेल तर शेवटच्या वाफ्यात पाणी पोचत नाही, तसंच हे. तेव्हा केबल लागेल तेवढीच ठेवा. दारातून आत घेताना वरच्या रबरातून घ्या, बिजागरीच्या बाजूला जिथं दार कमी दाबतं तिथून, आणि आत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा म्हणजे पावसाचं पाणी केबलीवरून आत न येता झोळाच्या टोकाशी ठिबकेल. केबलीला काटकोनात मोडू नका.

करंट

ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टपरीवर हा संवाद हमखास होतो.

"साहेब, इथं स्टीअरिंगखालीच लाईन आहे की. टेपची. त्यातूनच देतो, दहा मिनिटांचं काम."

"नको उस्ताद, डायरेक्ट बॅटरीवरून घ्या."

"अहो, बॅटरीपर्यंत वायर न्यायची म्हणजे इंजिन आणि केबिनमधला पडदा उघडावा लागतो."

"उघडा. चहा सांगतो तोवर."

चहा सांगाच, पण मागं हटू नका. ५० वॅटचा सेट बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो. टेपची वायर त्यासाठी केलेली नसते. ती तापते, आणि सेटला व्होल्टेज कमी पडून आवाज फाटतो. सिगारेट लायटरचं सॉकेटही याच कारणानं नको. हातातला सेट चार्ज करायला ते ठीक.

बॅटरीवरून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. चार मीटर अंतर धरलं तर जाऊन-येऊन आठ मीटर. १२ अँपिअरला सुमारे ०.४५ व्होल्ट पडतात, ते चालतं. अडीच चौरसच्या वायरीत पाऊण व्होल्ट जातो. पॉझिटिव्हच्या तारेत बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच, सेटजवळ नव्हे: वायर मध्येच कुठं घासून पत्र्याला लागली तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर तापून आग लागते. निगेटिव्ह थेट बॅटरीच्या टर्मिनलला लावत असाल तर त्या तारेतही फ्यूज ठेवा, कारण इंजिनाची अर्थिंगची पट्टी सैल झाली तर स्टार्टरचा सगळा करंट तुमच्या सेटच्या तारेतून परतायला बघतो.

नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटा डबा बसवलेला असतो, बॅटरीचा सेन्सर. अशा गाडीत सेटची निगेटिव्ह टर्मिनलला जोडू नका. बॉडीला जिथं कंपनीनं अर्थिंगचा बोल्ट दिला आहे तिथं जोडा. नाहीतर सेन्सरला सेटचा खर्च दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. कंपनीचं वायरिंग कुठंही कापू नका. वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो.

इंजिनाच्या पडद्यातून वायर आत आणताना आधीचं रबराचं ग्रोमेट असतं, त्यातूनच न्या. उघड्या पत्र्याच्या भोकातून नेलेली वायर खडबडीत रस्त्यावर महिन्याभरात सोलून निघते. बॉनेटखाली तिला जाळीदार नळीत घाला आणि सायलेन्सरपासून लांब बांधा. टोकांना लग, म्हणजे धातूची कडी, दाबून लावा. नुसते पिळलेले तारांचे झुबके स्क्रूखाली टिकत नाहीत.

सेट कुठं ठेवायचा

एअरबॅगच्या वाटेत काही नको. डॅशबोर्डवर डाव्या प्रवाशासमोर, किंवा ज्या खांबावर एअरबॅगची खूण आहे त्याच्या कव्हरखालून केबल, या दोन्ही जागा बाद. पॅनेल वेगळं निघणारा सेट मिळाला तर त्याचा मूळ डबा सीटखाली जातो आणि पॅनेल हाताशी राहतं. सीटखाली ठेवाल तर जमिनीवरून दोन बोटं उचलून पट्टीवर बसवा. ओढा ओलांडताना पाणी आत आलं तर पहिलं तिथंच साचतं. मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डला हात लावता येत नाही, म्हणून काचेखालची उन्हाची जागा टाळा आणि सेटच्या मागच्या पंखांना हवा मिळू द्या. स्क्रू मारण्याआधी त्यामागे काय आहे ते हात घालून बघा. माइकचा हुक गिअर बदलताना कोपर लागणार नाही अशा जागी.

पहिली चाचणी

बोलायचं बटण दाबण्याआधी एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारा मीटर, लावा. विकत घ्यायची गरज नाही, एखाद्या हॅमवाल्याकडे असतोच. बँडच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, कमी ताकदीवर, तीन ठिकाणी मोजा. गाडी मोकळ्या मैदानात, दारं आणि बॉनेट बंद. १.५ च्या आत असेल तर उत्तम, फक्त चार टक्के ताकद परत येते. २ पर्यंत चालेल. ३ ला पाव ताकद उलटी सेटमध्ये शिरते. तिथं बोलणं थांबवा आणि कंसाचं अर्थिंग पुन्हा तपासा, दहापैकी आठ वेळा तेच असतं. अर्थिंग बरोबर असेल तर लांबीकडे या. खालच्या फ्रिक्वेन्सीला आकडा कमी आणि वर जास्त येत असेल तर अँटेना लांब आहे: तीन-तीन मिलिमीटरनं कमी करत जा. उलट असेल तर आखूड आहे, आणि कापलेली अँटेना वाढत नाही, म्हणून आधी कापू नका, काडी बैठकीत खालीवर सरकते का बघा.

इंजिन चालू करून ऐका. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी आली तर ती अल्टरनेटरची. करंट खरंच बॅटरीवरून आलाय का ते बघा. सतत खरखर असेल तर एकेक वस्तू बंद करत जा: यूएसबी चार्जर, डॅशकॅम, एलईडीचा बार. स्वस्त यूएसबी चार्जर हा नेहमीचा गुन्हेगार. त्याच्या वायरीवर फेराइटचा मणी लावा किंवा चार्जरच बदला.

मग दुसरी गाडी घेऊन सपाट रस्त्यावर निघा आणि दर किलोमीटरला एकदा बोला. जिथं तुटतं तो आपल्या दोन गाड्यांचा खरा पल्ला.

बोलणं

चालकाच्या हातात सेट नको. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात धरायचं संपर्क साधन वापरणं हे धोकादायक चालवण्यात मोडतं. शेजारच्यानं बोलावं. बटण दाबून सेकंदभर थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो, आणि तो बहुधा "थांबा" हाच असतो. पुढच्या गाडीनं रस्ता सांगायचा, शेवटच्या गाडीनं सगळे आले का ते सांगायचं, मधल्यांनी विचारल्याशिवाय बडबड करायची नाही. "समोरून ऊसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही" एवढं वाक्य नोव्हेंबरपासून पुढं कुठल्याही गप्पांपेक्षा मोलाचं. ठिकाण सांगताना "त्या वळणावर" म्हणू नका, मैलाचा दगड, वस्तीचं नाव, नाल्याचा पूल सांगा.

पावसाळा

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पुरानं जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं. वीज गेली की काही तासांत टॉवरच्या बॅटऱ्याही बसतात, आणि मग गाडीतला सेट बॅटरीवर चालतो हेच त्याचं मोठेपण. पण तो चालायला हवा असेल तर अँटेनाच्या बुडाशी असलेला कनेक्टर जून लागण्याआधी आपल्याआपणच चिकटणाऱ्या रबरी टेपनं खालून वर गुंडाळा, म्हणजे कडा खाली राहून पाणी शिरत नाही. दिवाळीनंतर टेप कापून आत बघा. तांब्याची जाळी हिरवट झाली असेल तर नुसतं पुसून परत गुंडाळू नका: पाणी जाळीतून केबलभर आत ओढलं जातं. चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल कापा आणि नवा कनेक्टर लावा. हात-दीड हात कापूनही काळंच दिसत असेल तर केबलच बदला.